स्विचचे पोर्ट आणि एसएफपी मॉड्यूल : निवड, जोडणी, निगा आणि बिघाड

एसएफपी मॉड्यूल म्हणजे स्विचच्या पोर्टमध्ये बसणारा छोटा सुटा भाग; बहुधा तो विजेच्या सिग्नलचा प्रकाश आणि प्रकाशाचा पुन्हा विजेचा सिग्नल करतो. पोर्टवरचा लिंकचा हिरवा दिवा एवढंच सांगतो की दोन्ही टोकांना एकमेकांचा सिग्नल ओळखता येतोय. तो सिग्नल किती क्षीण झालाय, फ्रेम (डेटाचे गठ्ठे) खराब होऊन टाकल्या जातायत का, लेझर थकत चाललाय का, यातलं काहीही दिव्यावरून कळत नाही. ते आकड्यांतून कळतं, आणि ते आकडे लिंक उत्तम चालू असते त्या दिवशीच नोंदवून ठेवायचे असतात. आज प्रकाश उणे ९ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) येतोय, एवढ्यावरून फारसं काही ठरवता येत नाही. सहा महिन्यांपूर्वी तो उणे ४ होता हे माहीत असेल, तर मधे काहीतरी बिघडलंय हे लगेच ठरतं.

मॉड्यूल निवडताना

एसएफपी सेकंदाला १ गिगाबिटचं, एसएफपी प्लस १० चं आणि एसएफपी २८ हे २५ चं. तिन्हींचा बाहेरचा आकार एकच, त्यामुळे कुठलंही कुठेही बसतं आणि गोंधळ तिथेच होतो. १० च्या पोर्टमध्ये १ गिगाबिटचं मॉड्यूल बहुतेक स्विचवर चालतं. १ च्या पोर्टमध्ये १० चं चालत नाही. क्यूएसएफपी प्लसमध्ये १० च्या चार लेन (समांतर वाटा) मिळून ४०, तर क्यूएसएफपी २८ मध्ये २५ च्या चार लेन मिळून १०० होतात. ४०० साठी क्यूएसएफपी डीडी किंवा ओएसएफपी, आठ लेनचे. २५ च्या स्विचबाबत खरेदीआधी एक गोष्ट हार्डवेअर गाइडमध्ये पाहाच: काही मॉडेल्सवर चार-चार पोर्टांचा गट असतो आणि गटातल्या सगळ्यांचा वेग एकच ठेवावा लागतो. अशा गटात एका पोर्टवर १० चं मॉड्यूल चालवायला घेतलं, की उरलेले तीन २५ वर चालत नाहीत.

त्यानंतर प्रश्न फायबरचा. १० गिगाबिटचं एसआर (कमी पल्ल्याचं) मॉड्यूल ८५० नॅनोमीटर तरंगलांबीवर मल्टिमोड (जाड गाभ्याच्या) फायबरमधून चालतं: ओएम ३ दर्जाच्या फायबरवर ३०० मीटर, ओएम ४ वर ४०० मीटर. एलआर (लांब पल्ल्याचं) १३१० नॅनोमीटरवर, सिंगल मोड (बारीक गाभ्याचं) फायबर, १० किलोमीटर. ईआर १५५० वर, ४० किलोमीटर. वेग वाढला की मल्टिमोडचं अंतर झपाट्याने कमी होतं. १०० गिगाबिटचं एसआर ४ ओएम ३ वर ७० आणि ओएम ४ वर १०० मीटरच जातं. १० गिगाबिटला २५० मीटरवर व्यवस्थित चाललेली जुनी मल्टिमोड केबल १०० ला पुरणार नाही, हे अपग्रेडच्या रात्री लक्षात येऊन उपयोग नाही.

केबलचा रंग मदत करतो: पिवळी म्हणजे सिंगल मोड, फिकट निळसर-हिरवी म्हणजे ओएम ३ किंवा ओएम ४, नारिंगी म्हणजे जुनी ओएम १ किंवा ओएम २. पण रंगावर शेवटचा विश्वास ठेवू नका, जॅकेटवर छापलेली अक्षरं वाचा. कनेक्टरचा रंग मात्र काटेकोर पाळा. निळा यूपीसी (सरळ घासलेल्या टोकाचा), हिरवा एपीसी. एपीसीचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं. ते यूपीसीला जोडलं तर दोन टोकं नीट भिडत नाहीत, प्रकाश वाया जातो आणि टोकं ओरखडण्याचीही भीती असते. एलसी या छोट्या कनेक्टरच्या नेहमीच्या मॉड्यूलना यूपीसी लागतं.

एकाच फायबरवर दोन्ही दिशा चालवणारी बायडी मॉड्यूल जोडीनेच घ्यायची असतात. १० गिगाबिटमध्ये एक १२७० वर पाठवतं आणि १३३० वर ऐकतं, दुसरं बरोबर उलटं. दोन्ही टोकांना सारखंच मॉड्यूल लावलं तर लिंक कधीच येणार नाही, आणि दोन्हीकडे पाठवण्याची पॉवर मात्र अगदी छान दिसेल.

रॅकच्या आतल्या आत डॅक केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडूनच येणारी तांब्याची केबल) सर्वांत स्वस्त आणि थंड. १० गिगाबिटला पॅसिव्ह डॅक ७ मीटरपर्यंत मिळतात, २५ ला ५ मीटर ही मर्यादा, तीही एफईसी (डेटातल्या चुका आपोआप दुरुस्त करणारी पद्धत) चालू असेल तर. १० गिगाबिटची तांब्याची, आरजे ४५ वाली एसएफपी प्लस मॉड्यूल सोयीची असली तरी खूप तापतात. साधारण ३० मीटरपर्यंतच चालतात आणि वीज दोन-अडीच वॅट खातात, तर साधं एसआर १ वॅटच्या आत भागवतं. ती शेजारी-शेजारी लावू नका, मधे एकेक पोर्ट रिकामा सोडा.

तिसऱ्या कंपनीची मॉड्यूल लावायची असतील तर स्विच काय करतो ते आधी माहीत हवं. मॉड्यूल बसवताक्षणी स्विच त्याच्या ईईप्रॉममधून (आतल्या छोट्या मेमरीतून) कंपनीचं नाव, पार्ट नंबर आणि सिरियल वाचतो. ओळखीचं नसेल तर काही स्विच नुसती सूचना देतात, काही पोर्टच एरर-डिसेबल करतात, म्हणजे चूक आढळली म्हणून आपणहून बंद करतात. सिस्कोच्या आयओएसवर 'सर्व्हिस अनसपोर्टेड-ट्रान्सीव्हर' ही आज्ञा दिली की अशी मॉड्यूल बहुधा चालू होतात. पण सपोर्टला केस टाकल्यावर पहिली मागणी मूळ कंपनीचं मॉड्यूल लावून दाखवण्याची येऊ शकते, म्हणून प्रत्येक प्रकारची एक मूळ जोडी कपाटात ठेवावीच.

हाताळणी

मॉड्यूल चालू स्विचमध्ये घालता-काढता येतं, त्यासाठी स्विच बंद करावा लागत नाही. अर्थिंगचा मनगटी पट्टा मात्र बांधा. स्थिर विजेने मॉड्यूल लगेच मरतंच असं नाही, काही महिन्यांनी दगा देतं, आणि तेव्हा कारण कुणालाच सापडत नाही.

घालताना फायबर न जोडता, झाकण तसंच ठेवून नुसतं मॉड्यूल सरळ आत ढकला. 'टक' आवाज आला पाहिजे. दोन ओळींच्या स्विचवर वरची आणि खालची ओळ बहुधा एकमेकींच्या उलट असते, म्हणजे खालच्या ओळीत मॉड्यूल पालथं जातं. अडलं तर जोर लावू नका, फिरवून पाहा. काढताना आधी पोर्ट शट करा (आज्ञा देऊन बंद करा), मग फायबर काढा, मग कडी पूर्ण खाली पाडून मॉड्यूल ओढा. कडी अर्धवट असताना ओढलं तर खिळ तुटते किंवा पोर्टचा पिंजरा वाकतो, आणि पिंजरा वाकला की खर्च मॉड्यूलचा राहत नाही, स्विचचा होतो. डॅक असेल तर केबलला धरून नव्हे, टॅबला धरून काढा. काढलेलं मॉड्यूल लगेच परत घालायचं असेल तरी दहाएक सेकंद थांबा, म्हणजे स्विचला ते गेल्याची नोंद करायला वेळ मिळतो.

स्वच्छतेचा मुद्दा इथे जरा लांबवतोच, कारण फायबरच्या तक्रारींत सर्वाधिक वेळा हेच निघतं. सिंगल मोडचा प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो. त्यावर धुळीचा एक कण बसला की निम्मा प्रकाश अडू शकतो, आणि तो कण कनेक्टर दाबताना दोन्ही काचांवर चिरडला गेला तर डाग कायमचा. पॅकिंगमधून नुकती काढलेली पॅच कॉर्डसुद्धा स्वच्छ असेल असं धरू नका. टोपीच्या आतल्या प्लास्टिकचा थर टोकावर येतो. क्रम असा: मायक्रोस्कोपने टोक पाहा, घाण असेल तर एका क्लिकवाल्या क्लीनरने पुसा, पुन्हा पाहा, मगच जोडा. दोन वेळा पुसून डाग तसाच दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा किंचित ओला पुसणी-कागद आणि लगेच कोरडा. शर्टच्या टोकाने पुसू नका, तोंडाने फुंकू नका. मॉड्यूलच्या आतलं तोंडही तपासा: स्वच्छ कॉर्ड घाण मॉड्यूलमध्ये घातली तर कॉर्डही घाण होते.

फायबरच्या टोकात डोळा घालून प्रकाश येतोय का ते कधीही पाहू नका. १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा लेझर डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळे डोळा आपोआप मिटत नाही. पॉवर मीटर वापरा.

पोर्टचं कॉन्फिगरेशन

वर्णन आधी लिहा, बाकी नंतर. पलीकडच्या उपकरणाचं नाव, त्याचा पोर्ट, पॅच पॅनेलची जागा आणि भाड्याची लाइन असेल तर सर्किट क्रमांक, एवढं सगळं एका ओळीत बसतं. लिंक आल्यावर एलएलडीपीची (जोडलेली उपकरणं एकमेकांना आपली ओळख कळवतात त्या पद्धतीची) शेजाऱ्यांची यादी पाहून वर्णन खरं आहे का ते ताडून घ्या. खोटं वर्णन रिकाम्या वर्णनापेक्षा घातक, कारण रात्री दोन वाजता माणूस त्यावर विश्वास ठेवून चुकीचा पोर्ट शट करतो.

वेग आणि डुप्लेक्स (दोन्ही दिशा एकदम, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ): तांब्याच्या १ गिगाबिटवर ऑटो-निगोशिएशन (दोन टोकांनी हे आपसात ठरवणं) लागतंच, ते बंद करू नका. १००/फुल असं एका टोकाला ठोकून बसवलं आणि दुसरं टोक ऑटोवर राहिलं, तर ऑटोवालं टोक वेग ओळखतं पण डुप्लेक्स हाफ धरतं. मग लिंक चालू, पिंग चालू आणि फाइल कॉपी मात्र रडत-रडत. हाफच्या टोकाला लेट कोलिजन (फ्रेमच्या उशिरा झालेल्या टकरी) आणि फुलच्या टोकाला सीआरसी (खराब फ्रेमचे) एरर वाढताना दिसले, की रोग हाच. १० गिगाबिटच्या फायबरवर वाटाघाटी नसतातच, वेग मॉड्यूलच ठरवतं.

२५ आणि १०० वर घोळ घालणारी सेटिंग म्हणजे एफईसी. दोन्ही टोकांना ती एकच असावी लागते. १०० च्या एसआर ४ आणि सीडब्ल्यूडीएम ४ मॉड्यूलना आरएस-एफईसी (एफईसीचा एक प्रकार) लागतं. एलआर ४ ला लागत नाही. प्रकाश उत्तम, मॉड्यूल ओळखलेलं, तरी लिंक खाली, तेही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्विचमधे: अशा वेळी दुसरं काही करण्याआधी दोन्हीकडची एफईसी पाहा.

एमटीयू (एका फ्रेममध्ये किती बाइट मावतील ती मर्यादा) स्विचवर सढळ ठेवा, ९२१६ हा रूढ आकडा आहे; सर्व्हरवर ९००० असतो. तपासताना 'तुकडे करू नका' हा पर्याय देऊन ८९७२ बाइटचा पिंग पाठवा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा केले की हा आकडा येतो. साधा पिंग जातो आणि हा जात नसेल, तर वाटेतल्या एखाद्या पोर्टवर एमटीयू १५०० च राहिलाय.

न वापरलेले पोर्ट शट करा आणि कुठेही न जाणाऱ्या व्हीलॅनमध्ये (स्विचच्या आत वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) टाका. पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू करणं) आणि बीपीडीयू गार्ड (तिथे दुसरा स्विच जोडला गेला तर पोर्ट बंद करणं) फक्त वापरकर्त्यांच्या पोर्टवर.

आकडे कसे वाचायचे

सिस्को आणि अरिस्टावर 'शो इंटरफेसेस ट्रान्सीव्हर', ज्युनिपरवर 'शो इंटरफेसेस डायग्नॉस्टिक्स ऑप्टिक्स', लिनक्सवर आधारलेल्या स्विचवर ईथटूलला 'एम' हा पर्याय. या आज्ञा पाच गोष्टी दाखवतात: तापमान, व्होल्टेज, लेझरचा बायस करंट (लेझरला चालवणारी वीज), पाठवलेली पॉवर आणि मिळालेली पॉवर. सोबत मॉड्यूलच्या कंपनीने ठरवलेल्या धोक्याच्या मर्यादा असतात. क्यूएसएफपीवर प्रत्येक लेनचे आकडे वेगळे येतात, ते चारही पाहा. डॅकमध्ये लेझर नसतो, त्यामुळे तिथे रिकामे रकाने दिसले तर घाबरू नका.

डीबीएममध्ये शून्य म्हणजे १ मिलिवॅट, उणे १० म्हणजे त्याचा दहावा भाग, आणि दर ३ डीबीला पॉवर निम्मी होते. उणे ४० किंवा उणे अनंत दिसलं म्हणजे प्रकाश येतच नाही. १० गिगाबिटच्या एलआरला पाठवण्याची मर्यादा उणे ८.२ ते अधिक ०.५ आणि घेण्याची उणे १४.४ ते अधिक ०.५ डीबीएम. म्हणजे सर्वांत कमजोर मॉड्यूललाही ६.२ डीबी नुकसान सोसतं.

हिशेब करून पाहू. ८ किलोमीटरची लाइन, १३१० वर किलोमीटरला ०.३५ डीबी धरले तर २.८. चार कनेक्टर प्रत्येकी ०.५ म्हणजे २.०. चार जोड प्रत्येकी ०.१ म्हणजे ०.४. एकूण ५.२ डीबी. पलीकडचं मॉड्यूल उणे २.५ ने पाठवत असेल तर आपल्याकडे उणे ७.७ च्या आसपास यायला हवं. प्रत्यक्षात उणे १२ येत असेल तर लिंक चालेल, एरर दिसणारही नाहीत, पण ४ डीबीहून जास्त कुठेतरी गळतंय. कनेक्टर घाण आहे, नाहीतर फायबर कुठेतरी करकचून वळलंय. दोन-अडीच डीबी उरलेल्या लिंकला पुढची एक चुकीची पॅचिंग पुरते.

जास्त प्रकाशही वाईट. ईआर मॉड्यूल अधिक ४ पर्यंत पाठवू शकतं आणि त्याच जातीच्या मॉड्यूलला उणे १ पेक्षा जास्त सोसत नाही. दोन ईआर टेबलावर छोट्या पॅच कॉर्डने जोडून 'चालतायत का' पाहायचं असेल तर मधे किमान ५ डीबीचा अटेन्युएटर (प्रकाश मुद्दाम कमी करणारा तुकडा) हवा. तो घेणाऱ्या टोकाला लावतात.

बायस करंटकडे फारसं कुणी पाहत नाही, पण आगाऊ सूचना देतो तोच. पाठवलेली पॉवर स्थिर ठेवायला मॉड्यूल लेझरला लागेल तेवढा करंट देत राहतं. पॉवर जागच्या जागी आणि बायस महिन्यागणिक वर चढतोय, तर लेझर संपत आलाय. तो धोक्याच्या मर्यादेला टेकण्याआधी, सोयीच्या वेळी बदला. तापमानानुसारही बायस हलतो, म्हणून तुलना साधारण सारख्या तापमानाच्या नोंदींचीच करा.

एररच्या काउंटरचा एकूण आकडा निरुपयोगी असतो. तो दोन वर्षांपूर्वीचाही असू शकतो. काउंटर शून्य करा, १० मिनिटांनी वाचा, वाढ पाहा. आणखी एक सापळा: कट-थ्रू पद्धतीचा स्विच फ्रेमचा शेवट येण्याआधीच ती पुढे सोडायला लागतो, त्यामुळे खराब फ्रेमही पुढे जाते. मग सीआरसी तुमच्या पोर्टवर दिसतात आणि खराब केबल असते दोन स्विच मागे. ज्या पोर्टवर एरर येतायत त्याच्या पलीकडच्या स्विचवर जाऊन त्याच्याही येणाऱ्या पोर्टांवर सीआरसी आहेत का पाहा, आणि असं मागेमागे जात उगम गाठा. एफईसी चालू असेल तर दुरुस्त झालेले आणि न झालेले असे दोन काउंटर असतात. ४०० वर दुरुस्त झालेल्यांचा आकडा नेहमीच पळत असतो, त्यात काही वावगं नाही. न झालेले वाढत असतील तर मात्र पॅकेट जातायत.

लिंक खाली असेल तर

मॉड्यूल उपसायला सुरुवात करण्याआधी आकडे टिपून घ्या, कारण काढलं की पुरावा गेला.

१. पोर्ट कुठल्या अवस्थेत आहे? कुणी शट केलाय, एरर-डिसेबल झालाय की नुसता कनेक्ट होत नाहीये? एरर-डिसेबल असेल तर लॉगमधलं कारण वाचा आणि ते दूर करूनच शट, नो शट करा.

२. मॉड्यूल स्विचला दिसतंय का? इन्व्हेंटरीत नसेल तर नीट बसलेलं नाही किंवा ओळखलं गेलं नाही. दुसऱ्या, रिकाम्या पोर्टमध्ये घालून पाहा. तिथे दिसलं तर शंका पोर्टवर.

३. आपण पाठवतोय का? पाठवलेली पॉवर शून्यासारखी असेल तर पोर्ट खरोखर चालू आहे ना ते पाहा. चालू असूनही पाठवत नसेल तर मॉड्यूल गेलं.

४. आपल्याला मिळतंय का? मिळत नसेल तर पलीकडच्या माणसाला त्याचे दोन आकडे विचारा. तो पाठवतोय आणि आपल्याला मिळत नाही: दोष त्याच्याकडून आपल्याकडे येणाऱ्या फायबरमध्ये. दोघांनाही काहीच मिळत नाही: लाइन तुटली असेल, किंवा नवीन जोडणीत दोन तारा उलट्या लागल्यात. ड्युप्लेक्स एलसीची क्लिप उघडून एका टोकाला दोन्ही कनेक्टरची अदलाबदल करा.

५. प्रकाश दोन्हीकडे ठीक, तरी लिंक नाही: वेग, एफईसी, ब्रेकआउट (एक पोर्ट चारमध्ये फोडणं) आणि दोन्ही टोकांच्या मॉड्यूलची तरंगलांबी, या क्रमाने ताडून पाहा.

१० गिगाबिटमध्ये एका दिशेचा प्रकाश गेला तर ऐकू न येणारं टोक समोरच्याला रिमोट फॉल्ट कळवतं आणि लिंक दोन्हीकडे पडते. १ गिगाबिटच्या फायबरवर ऑटो-निगोशिएशन बंद असेल तर मात्र एक टोक चालूच राहू शकतं, आणि स्पॅनिंग ट्री (पॅकेट गोल-गोल फिरत राहू नयेत म्हणून असलेली पद्धत) त्यावर विसंबून उलट लूप घालतं. अशा लिंकवर यूडीएलडी किंवा एलएसीपी (समोरच्याचे संदेश येतायत का ते पाहत राहणाऱ्या पद्धती) लावा.

एलआरवर शंका मॉड्यूलची की लाइनची हे ठरवायला लूपबॅक सोपा: त्याच मॉड्यूलचं पाठवणारं तोंड एका छोट्या कॉर्डने घेणाऱ्या तोंडाला जोडा. लिंक आली तर मॉड्यूल आणि पोर्ट ठीक. त्याआधी पोर्ट रिकाम्या व्हीलॅनमध्ये न्या. ईआरवर हा प्रयोग अटेन्युएटरशिवाय नको, आणि बायडीवर तो होतच नाही.

ब्रेकआउट

१०० चा पोर्ट चार २५ मध्ये किंवा ४० चा चार १० मध्ये फोडता येतो. तो बदल केला की जुनं इंटरफेस नाव जातं, त्यावरचं कॉन्फिगरेशनही जातं आणि चार नवी नावं येतात. आधीचं कॉन्फिगरेशन कॉपी करून ठेवा. काही स्विचवर शेजारचा पोर्ट निकामी होतो, काहींना रीलोड लागतो. हे कामाच्या वेळात कळणं बरं नव्हे.

एमपीओ केबल (एकाच कनेक्टरमध्ये अनेक तारा असलेली) घेताना तीन गोष्टी: मॉड्यूलच्या तोंडात पिना असतात, म्हणून केबल बिनपिनांची, म्हणजे फीमेल हवी. मॉड्यूलपासून थेट मॉड्यूलपर्यंत जाणारी केबल टाइप बी पोलॅरिटीची (दोन टोकांना तारांचा क्रम कसा लागतो त्याचा एक प्रकार) हवी. १२ तारांपैकी १ ते ४ आणि ९ ते १२ एवढ्याच वापरल्या जातात, मधल्या चार मोकळ्या. म्हणून टेस्टरवर त्या चार मेलेल्या दिसल्या तरी लिंकला फरक पडत नाही. चारपैकी एकाच लेनचा प्रकाश कमी असेल तर मॉड्यूल बदलण्याआधी एमपीओचं टोक साफ करा. आठ काचांपैकी एकीवर घाण असणं हे एक लेन मरण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा घडतं.

बदलताना आणि साठवताना

बदललेल्या मॉड्यूलचा सिरियल, पोर्ट, तारीख आणि काढण्याआधीचे पाचही आकडे वहीत किंवा शीटमध्ये लिहा. नवं लावल्यावर तेच पाच आकडे पुन्हा, दोन्ही टोकांचे. फक्त एकाच टोकाचं मॉड्यूल बदललं असेल आणि मिळालेली पॉवर सुधारली नसेल, तर काढलेलं मॉड्यूल कचऱ्यात टाकू नका. दोष लाइनमध्ये असण्याची शक्यता जास्त आहे. ते लूपबॅकवर तपासून 'तपासलेलं' अशी चिठ्ठी लावून ठेवा. खरोखर मेलेल्याला लाल टेप गुंडाळून वेगळ्या डब्यात टाका, म्हणजे पुढच्या बिघाडात तेच पुन्हा रॅकमध्ये जाणार नाही. साठ्यातल्या प्रत्येक मॉड्यूलला धुळीचं झाकण आणि अँटिस्टॅटिक पिशवी हवी, आणि पिशवीवर प्रकार, तरंगलांबी, अंतर मोठ्या अक्षरात. मॉड्यूलवरची बारीक अक्षरं रॅकच्या मागच्या अंधारात वाचता येत नाहीत.